धीर देण्याची घाई

११ जुलै २००६ रोजी सायंकाळच्या गर्दीच्या वेळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अवघ्या ११ मिनिटांत सात लोकल गाड्यांच्या प्रथम वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. त्यांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, शेकडो जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी गाड्या धावू लागताच ‘मुंबई स्पिरिट’चे कौतुक सुरू झाले. त्या डब्यातून वाचून घरी आलेल्या, पण पुन्हा फलाटावर पाऊल टाकवत नसलेल्या माणसाला मात्र या कौतुकात जागा नव्हती आणि त्याला सांभाळण्याचे काम अर्थातच घरच्यांवर आले.

झोप उडणे, दचकणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणे या सुरुवातीच्या स्वाभाविक प्रतिक्रिया असून बहुतेकांमध्ये त्या काही आठवड्यांत ओसरतात. सगळे सविस्तर बोलून टाकले की मन हलके होते, ही समजूत एकेकाळी तज्ज्ञांमध्येही होती. परंतु घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सारे वदवून घेण्याची ‘डीब्रीफिंग’ ही पद्धत पुढील अभ्यासांत निरुपयोगी आणि काहींच्या बाबतीत अपायकारकही ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मानसिक प्रथमोपचार’ या पुस्तिकेत म्हणूनच बोलण्याची सक्ती नाही. गरज काय ते पाहावे, तो बोलेल तेवढे ऐकावे आणि योग्य मदतीपर्यंत पोहोचवावे, एवढाच तिचा गाभा आहे. आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि प्रत्येकाला ‘नेमके झाले काय’ हे पहिल्यापासून ऐकायचे असते, तेव्हा ही रीघ दारातच आवरणे हा घरच्यांनी दिलेला मोठाच आधार ठरतो. हाक मारूनही जखमी माणूस ओ देत नसेल, तर तो गप्प झाला आहे असे गृहीत न धरता आधी कान तपासून घ्यावेत, कारण स्फोटाच्या दाबाने कानाचा पडदा फाटणे ही नेहमी आढळणारी इजा आहे.

खरा पेच लोकलचा असतो. २००६ चे बॉम्ब सामानाच्या फळीवरील पिशव्यांत ठेवले गेल्याचे सांगितले जात असल्याने, ‘ही बॅग कोणाची?’ हा डब्यातला रोजचा प्रश्नही अशा माणसाला घाम फोडू शकतो. भीतीची जागा टाळत राहिल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, परंतु भीती मुरत जाते; उलट ‘घाबरतोस काय’ म्हणून डब्यात ढकलणेही तितकेच वाईट. आधी स्थानकापर्यंत फेरी, मग दुपारच्या रिकाम्या गाडीत सोबतीने एका स्थानकाचा प्रवास, अशी चढण त्याच्या संमतीने आणि त्याच्याच गतीने व्हावी. त्रास महिनाभरानंतरही टिकला आणि कामधंदा, झोप, नाती यांत अडसर होऊ लागला, तर तो आघातोत्तर तणाव विकार असू शकतो. त्यावर प्रभावी उपचार आहेत आणि मराठीतूनही बोलता येणाऱ्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकापासून सुरुवात करता येते.

वर्षे उलटल्यावरही स्मृतिदिन आणि न्यायालयीन निकाल जखम उघडी करतात. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये दोषी ठरवलेल्या आरोपींची उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मुक्तता केली, तेव्हा १९ वर्षांपूर्वीची दृश्ये दूरचित्रवाणीवर पुन्हा झळकली; अशा दिवशी संच चालू ठेवायचा की बंद, हे ज्याने ते भोगले त्यालाच विचारावे.