सुरीपर्यंतचं कुक्कुटपालन

परसातल्या कोंबडीवर मराठीत आजवर जे छापून आलं ते चाळायला बसलं, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जात, पिल्लू, लस, खाद्य, वजन, भाव. आणि तिथे पुस्तक मिटतं. कोंबडी मारायची कशी, हे कुणी लिहीत नाही. जणू दोन किलो भरली की ती आपणहून रश्श्यात उतरते! पशुसंवर्धनाच्या नोकरीत आणि नंतरही मी याच मुद्द्यावर भांडत आलोय, तेव्हा इथेही भांडणार.

आधी जातींचं उरकून घेतो. ऱ्होड आयलंड रेड आली, 1989 मध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आली, मग हैदराबादच्या वनराजा, ग्रामप्रिया. अंडी वाढली, हे कबूल. गावरान कोंबडी वर्षाला 60-70 अंड्यांवर थांबते, सुधारित शंभरी ओलांडते. आमचे तज्ज्ञ इथेच टाळ्या घेतात. पण या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे पिल्लांसाठी पुन्हा हॅचरीच्या दारात उभं राहायचं. गावरान कोंबडी 10-12 अंड्यांवर 21 दिवस बसते, घारीची सावली पडली की पिल्लं पंखाखाली घेते, उकिरडा उकरून त्यांना किडे खायला शिकवते. हा गुण कुठल्या तक्त्यात मांडणार? इमूची लाट आली, सशांची आली, दोन्ही लोकांचे पैसे घेऊन ओसरल्या. 2019 मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या नावावर तेच झालं. झाबुआच्या त्या काळ्या पाखराचा त्यात काय दोष? मानमोडीची लस वेळेवर टोचा, बाकी योजनांवर जास्त शाई खर्चण्यात अर्थ नाही.

आता सुरीकडे येतो. गावगाड्यात हे काम मुलाण्याचं. जत्रेचा बोकड असो की पाहुण्यांसाठी कापायचा कोंबडा, मराठ्याच्या घरीही सुरी त्याच्याच हातात. मी पाहिलेले जुने मुलाणी अंगठ्याच्या नखावर धार बघत, आणि धार मनासारखी नसेल तर यजमान कितीही घाई करो, दगड मागवत. एकीचं होईपर्यंत बाकीच्या डालग्याखाली, वर पोतं टाकलेलं.

खेड्यापाड्यांतल्या बायकांना मी शिकवत आलो ते एवढंच. आदल्या संध्याकाळी खाद्य बंद, पाणी मात्र चालू. गळ्याखालची पिशवी रिकामी हवी. कोंबडी अंधारात खुराड्यातून काढावी, तेव्हा ती ओरडत नाही. पाय बांधून उलटी लटकवायची नाही. काखेत धरायची, पंख अंगाशी दाबून. तेलाच्या डब्याचा पत्रा वळवून नरसाळं करा, खिळ्यांनी भिंतीला ठोका. त्यात ती डोकं खाली घालून बसते आणि पंख झाडत नाही. जबड्याच्या लगेच खाली, एका झटक्यात, दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या पाहिजेत. मग किमान दोन मिनिटं हात लावायचा नाही. डोळ्याला बोट लावून पाहा. पापणी हलली तर थांबा. पाणी 60 अंशांच्या आसपास हवं. उकळतं घेतलंत तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते.

"मरायचंच आहे तर लाड कशाला?" हा आक्षेप मी सभांमधून ऐकत आलोय, तोही पदवीधरांकडून. धडपडलेल्या पाखराचे पंख मोडतात, मांडीवर रक्त साकळतं, मटण काळपट दिसतं, हे उत्तर त्यांना पटतं. पण हा फायदा नसता तरी मी हेच शिकवलं असतं. आणि हलाल की झटका यावर तावातावाने बोलणाऱ्यांना मी एकच विचारतो: सुरीला शेवटची धार कधी लावलीत?

कायद्याची उणीव नाही. जनावराला विनाकारण वेदना होतील अशी वाहतूक 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. एका जनावरासमोर दुसरं कापू नये, असं कत्तलखान्यांसाठीचे 2001 चे नियम सांगतात. आणि आपल्या नाक्यावरचं दुकान? पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या डोळ्यांदेखत बोथट सुरी फिरते, अर्धवट कापलेली कोंबडी निळ्या ड्रमात भिरकावली जाते, आत ड्रम थडथडत राहतो आणि गिऱ्हाईक मोबाइल बघत कलेजी-पेठा वेगळा मागतं. मोटारसायकलच्या हँडलला उलट्या टांगलेल्या जुड्या तर रोजच्याच. वर पाटी "गावरान"ची, आत रंगीत ब्रॉयलर.

2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या. त्यानंतर जैवसुरक्षेवर पुस्तिकांचा पाऊस पडला. कोंबडी कशी मारावी यावरची एकही मराठी पुस्तिका अजून माझ्या हाती आलेली नाही.

कुक्कुटपालनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात अर्धा दिवस सुरीला द्यावा, ही मागणी मी निवृत्तीनंतरही पत्रांतून करत असतो. संपादकांनी हा लेख छापला, तर त्याचं कात्रण पुढच्या पत्राला जोडणार आहे.