निखळलेला दात, पहिला तास आणि आपली विशेष मुले

निवासी शाळेत मूल चोवीस तास आपल्या छायेत असते. त्याला ताप आला तर आपण जागतो, पाय मुरगळला तर दवाखाना गाठतो. परंतु पटांगणावर पडून समोरचा दात निखळला, तर रक्त थांबताच प्रकरण मिटले असे मानतो. दुधाचा पडलेला दात छपरावर टाकण्याची जुनी रीत आपल्याकडे आहेच. त्याच सवयीने कायमचा दातही मातीत राहून जातो. मात्र त्याच्या जागी दुसरा उगवत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर हा विषय आम्ही मांडत आहोत, तो विशेषतः दिव्यांग मुलांना डोळ्यांपुढे ठेवून.

या मुलांना दातांच्या इजेचा धोका अधिक असतो. अपस्माराचा झटका आलेले मूल पडताना हात पुढे करून स्वतःला सावरू शकत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांचे वरचे दात पुढे आलेले असतात आणि ओठ पुरते मिटत नाहीत. त्यामुळे आघात थेट दातांवर बसतो. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला वेदना शब्दांत सांगता येतेच असे नाही. ते जेवण टाळते, गालावर मारून घेते, चिडचिड करते. त्याला आपण हट्ट म्हणतो. प्रत्यक्षात ती तक्रार असू शकते.

निखळलेल्या दाताच्या मुळावर सूक्ष्म जिवंत पेशी असतात. दात कोरडा राहिला तर तासाभरात त्या बहुतांशी मरतात. नामपूरहून मालेगाव गाठण्यातच वेळ जातो. नाशिक तर काही तासांच्या अंतरावर. म्हणजेच पहिला उपचार पटांगणावर उपस्थित असलेल्या व्यक्तीनेच करावयाचा आहे.

कायमचा दात पडल्यास तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला स्पर्श करू नये. माती लागली असल्यास दुधाने किंवा स्वच्छ गार पाण्याने क्षणभर धुवावा. घासू नये, पुसू नये. मूल शुद्धीवर व शांत असेल, तर दात त्याच्या जागी अलगद बसवून स्वच्छ रुमाल चावून धरण्यास सांगावे. ते जमत नसेल तर दात गार दुधात बुडवून त्वरित दंतवैद्याकडे न्यावे. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होते. दाताचा तुकडा उडाला असेल तर तोही दुधात किंवा पाण्यात ठेवून न्यावा. पुष्कळदा तोच पुन्हा चिकटविता येतो. जखमेवर मिश्री किंवा तंबाखू लावू नये.

विशेष मुलांच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवावा. ज्याला झटके येतात किंवा जे मूल सूचना पाळू शकत नाही, त्याच्या तोंडात दात बसविण्याचा प्रयत्न करू नये. तो श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. दात दुधात ठेवावा आणि पुढचा निर्णय वैद्यांवर सोपवावा. बेशुद्धी, उलट्या किंवा गुंगी असेल तर दाताआधी डोक्याची तपासणी महत्त्वाची. धनुर्वाताची लस केव्हा दिली होती, हेही सांगावे.

दात वाचला नाही, तरी पोकळी तशीच ठेवू नये. चावणे, उच्चार आणि चारचौघांत मोकळे हसणे, तिन्ही त्याच्याशी निगडित आहेत. जबड्याची वाढ चालू असेपर्यंत सहसा इम्प्लांट बसवीत नाहीत. तोवर तात्पुरता दात लावता येतो. झटके येणाऱ्या मुलास लहानशी काढघालीची कवळी धोक्याची. ती सुटून घशात अडकू शकते, आणि साधे ॲक्रिलिक क्ष-किरणांत सहज दिसतही नाही. अशा वेळी शक्यतो शेजारच्या दातांना चिकटविलेला पक्का दात, अन्यथा धातूचा आधार असलेली घट्ट कवळी बसवावी. काढघालीची कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, रोज घासावी, उकळत्या पाण्यात घालू नये. वसतिगृहात तिच्यावर मुलाचे नाव असावे. फेनिटॉइनसारख्या औषधाने हिरड्या वाढतात; म्हणून दातांची स्वच्छता वाढवावी, औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आधाराची दारेही आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून, त्याच्या कलम २५ मध्ये उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दंतविकारही येतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची विमा योजना आहे. नाशिकच्या पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे.

आमची विनंती अल्प आहे. प्रत्येक वसतिगृहातील प्रथमोपचार पेटीवर वरील सूचना ठळक अक्षरांत लावाव्यात; स्वयंपाकघरात पेलाभर दूध नेहमी शिल्लक असावे; झटके येणाऱ्या मुलांची व त्यांच्या औषधांची नोंद गृहपालांजवळ असावी. पालकांनी प्रवेशाच्या वेळी ही माहिती संकोच न करता द्यावी. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन मोठ्या मुलांना ही कृती शिकवावी. कारण मित्र पडतो तेव्हा सर्वांत आधी धावत जातात ती मुलेच.