गाडी कुणाची? कस्टम्सला विचारा!

रॅम्प बसवला, हाताने चालणारा ब्रेक लावला, की गाडी ‘दिव्यांगांची’ होते का? एका पैजेतून सुरू झालेली शोधाशोध.

शुक्रवारची संध्याकाळ, हिंजवडीतल्या एका ऑफिसचं कॅन्टीन. समोर माझा कॉलेजपासूनचा मित्र. कोडिंगमध्ये सॉलिड, पीजे मारण्यात त्याहून सॉलिड. बाइकच्या अ‍ॅक्सिडेंटनंतर गेली सात वर्षं तो व्हीलचेअरवर आहे. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर एक परदेशी व्हॅन. मागचं दार उघडतं, रॅम्प खाली येतो आणि माणूस खुर्चीसकट आत.

‘‘भारी ना? ही बाहेरून मागवली तर?’’

‘‘मागव की! अपंगांसाठीचीच गाडी आहे, ड्युटी किरकोळ असेल,’’ मी ठोकून दिलं.

‘‘लाव पैज.’’

लावली. हरणाऱ्याने डिनर द्यायचं. घरी येऊन कस्टम्सचं टॅरिफ उघडलं आणि अर्ध्या तासात कळलं, की आपल्या खिशाला कात्री लागणार.

दोन आकड्यांची गोष्ट

आयात होणाऱ्या प्रत्येक वस्तूला कोड असतो. त्याचे पहिले सहा आकडे जवळपास जगभर सारखे. त्यातले पहिले चार बघायचे. ८७०३ म्हणजे माणसं नेणारी मोटार, तुमची-आमची कार. ८७१३ म्हणजे दिव्यांगांची वाहनं, हाताने ढकलायची असोत की मोटरवर चालणारी. व्हीलचेअर इथे येते.

मग रॅम्पवाली व्हॅन? या कोडच्या आंतरराष्ट्रीय स्पष्टीकरणात उत्तर आहे. साध्या गाडीत दिव्यांग माणसासाठी नुसते बदल केले असतील, तर ती साधी गाडीच. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवता येणारी कार ८७०३मध्येच राहते. एका पायाने मारता येईल अशी केलेली सायकलसुद्धा सायकलच. म्हणजे कस्टम्स विचारतं, वस्तू मुळात कशासाठी बनली? तुमचे पाय चालतात की नाही, हा प्रश्न त्या खिडकीवर येतच नाही.

फरक किती? फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात तयार मोटारींवरचा मूळ सीमाशुल्काचा दर ७० टक्के ठरला. महागड्या गाड्यांवर वर आणखी उपकर. आता कळलं, मित्र पैज लावताना का हसत होता?

युरोपातली स्कूटर

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. परदेशात आजी-आजोबा फुटपाथवरून जी बॅटरीची छोटी गाडी चालवतात, ती मोबिलिटी स्कूटर. युरोपियन युनियनमध्ये ८७०३ धरली तर १० टक्के ड्युटी, ८७१३ धरली तर शून्य. डिसेंबर २०१०मध्ये जर्मनीतून आलेल्या एका खटल्यात युरोपच्या न्यायालयाने अशा स्कूटर ८७०३मध्ये टाकल्या. त्यांना स्टिअरिंगचा वेगळा, पुढे-मागे करता येणारा दांडा होता, हा त्यातला मोठा मुद्दा. एका दांड्यावरून १० टक्के!

मग मे २०१६मध्ये ब्रिटनमधल्या आयातदारांचा खटला आला. त्यात न्यायालयाने सांगितलं, की वाहन फक्त दिव्यांगांसाठी बनवलेलं हवं. पण धडधाकट माणूसही ते वापरू शकतो, एवढ्यावरून ८७१३ नाकारायचं नाही. शिवाय ‘दिव्यांग’ कोण? ज्याच्या चालण्यावर किरकोळ नव्हे अशी मर्यादा आली आहे तो. ती मर्यादा किती काळ टिकते, हे बघायची गरज नाही.

अमेरिकेने आणखी सरळ रस्ता घेतला. १९७६च्या नैरोबी प्रोटोकॉलवरून त्यांच्या टॅरिफमध्ये एक वेगळी नोंद आली. दीर्घकाळ अपंगत्व असलेल्यांसाठी ‘खास बनवलेल्या किंवा बदल केलेल्या’ वस्तूंवर नेहमीची ड्युटी माफ. ‘किंवा बदल केलेल्या’ हे तीन शब्द किती महाग आहेत बघा!

आपल्या घरी

आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही ‘इनव्हॅलिड कॅरेज’ची व्याख्या होती: खास बनवलेलं वाहन, नुसते बदल केलेलं नाही. २०१९च्या दुरुस्तीने ती व्याख्या काढली आणि ‘अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल’ आणलं. त्यात रीतसर बदल करून घेतलेली गाडीही बसते. म्हणजे साइड व्हील लावलेली अ‍ॅक्टिव्हा आरटीओच्या कायद्याला ओळखीची झाली. कोडच्या स्पष्टीकरणातलं ‘नुसते बदल’ मात्र तसंच आहे.

करांच्या गमती वेगळ्याच. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा व्हीलचेअरवर ५ टक्के, पण तिच्या सुट्या भागांवर २८! खुर्ची स्वस्त, चाक महाग. हे दुरुस्त व्हायला जानेवारी २०१९ उजाडला. मित्राला आठवतंय; त्याने त्याच काळात चाकं बदलली होती.

छोट्या कारवर अस्थिव्यंग असलेल्यांना १८ टक्के जीएसटीची सवलत होती, बाकीच्यांना २८ आणि वर सेस. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या कार सगळ्यांनाच १८ टक्क्यांवर आल्या. छानच झालं, पण ज्याला कारवर आणखी हँड कंट्रोलचा खर्च करावा लागतो, त्याच्यासाठी ठेवलेला तो फरक गेला.

फंडा क्लिअर?

• कोड ठरवताना ‘कोण वापरणार’पेक्षा ‘कशासाठी बनली’ हे बघतात.
• साधी गाडी + बदल = ८७०३. मुळातच दिव्यांगांसाठी बनलेलं वाहन = ८७१३.
• कोड आणि सवलत या दोन वेगळ्या गोष्टी. ऑर्डर देण्याआधी दोन्ही कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घ्या.

पैज हरले, डिनर देणं आलं. माझं आवडतं हॉटेल फोनवर म्हणालं, ‘‘तीनच पायऱ्या आहेत मॅडम, आमची पोरं उचलून घेतील.’’ दुसऱ्याकडे रॅम्प होता, त्यावर कुंड्या मांडलेल्या. पाचव्या फोनला जागा मिळाली.

जेवताना मी विचारलं, ‘‘मग व्हॅनचं काय?’’

‘‘इथलीच गाडी घेतोय. हँड कंट्रोल बसवून. ऑफिसला स्वतः चालवत जायचंय मला. कोड काय लावायचा तो लावू दे.’’

बिल मी दिलं. जीएसटीसकट.