जुने घर सुधारताना आर्किटेक्ट कशाला? गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेवगाव आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या भिंतींची, माळवदाची जुनी घरे अजून उभी आहेत. मुलांची लग्ने ठरली की त्यात स्लॅब, आतले संडास-बाथरूम, वर एक खोली असे बेत होतात. नकाशा काढून घेतला जातो आणि पुढचे काम मिस्त्रीवर सोडले जाते. सल्ल्याची खरी गरज मात्र फोडाफोड सुरू झाल्यावरच पडते.

गैरसमज : नकाशा हाती आला की आर्किटेक्टचे काम संपले.
वस्तुस्थिती : नव्या घराचा नकाशा मोकळ्या जागेवर बसतो, जुन्या घराचा नकाशा मात्र बराचसा अंदाजावर काढलेला असतो. कोणत्या भिंतीवर तुळया टेकल्या आहेत, पाया किती खोल आहे, हे गिलावा उतरवल्यावर आणि जोत्याजवळ खणल्यावर कळते. दगडी भिंतीचे बाहेरचे आणि आतले असे दोन थर असतात, मध्ये माती-खडी भरलेली असते. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसतील, तर दार रुंद करण्यासाठी भिंत फोडताच ती फुगू शकते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. भिंत उघडी पडली की नकाशा बदलावा लागतो आणि तो निर्णय साइटवरच घ्यावा लागतो.

गैरसमज : मिस्त्री अनुभवी आहे, त्याला सगळे कळते.
वस्तुस्थिती : मिस्त्रीच्या हाताला तोड नाही, पण भार मोजणे हे त्याचे काम नव्हे. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत एक टन पाणी असते. ते जुन्या भिंतीला पेलेल का, याचे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो आणि आर्किटेक्ट ते नकाशाशी जुळवतो. स्लॅब ओततानाही काँक्रीटचा माल पसरायला सोपा जावा म्हणून त्यात पाणी वाढवले जाते. भारतीय मानक 456 नुसार एम-20 काँक्रीटच्या ठरीव मिश्रणात सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी चालते. कोरड्या, कडक उन्हात स्लॅबवर किमान 10 दिवस पाणी मारावे लागते. शेवगावच्या उन्हाळ्यात हा नियम मोडला की स्लॅबची ताकद घटते.

गैरसमज : भिंतीचे तडे गिलाव्याने मिटतात.
वस्तुस्थिती : काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया उथळ असेल तर बुजवलेला तडा पुढच्या हंगामात पुन्हा उघडतो. जुन्या घराला नवी खोली घट्ट जोडली की दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात खचतात आणि जोडावरच भेग पडते. म्हणून मध्ये सांधा सोडायचा की नाही, हे पाया खणतानाच ठरवावे लागते.

गैरसमज : घर आपले, परवानगी कशाला?
वस्तुस्थिती : रंग, फरशी, गिलावा या किरकोळ दुरुस्त्या. वरची खोली, वाढीव बांधकाम यांना मात्र 1966 चा प्रादेशिक व नगररचना कायदा आणि डिसेंबर 2020 पासूनची एकत्रित बांधकाम नियमावली लागू होते. शहराच्या हद्दीत परवानगी नगरपरिषदेकडून घ्यावी लागते. बांधकाम मंजुरीबाहेर गेले तर नोटीस मालकाच्या नावाने येते.

गैरसमज : फी दिली म्हणजे आर्किटेक्ट रोज साइटवर उभा राहील.
वस्तुस्थिती : ठरलेल्या टप्प्यांवर तपासणी करणे हे त्याचे काम, रोजच्या देखरेखीसाठी वेगळा माणूस लागतो. किमान चार भेटी आधीच ठरवा : फोडाफोड झाल्यावर, पाया भरण्यापूर्वी, सळई बांधून झाल्यावर पण स्लॅब ओतण्याआधी, आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी. सळईला खालून पुरेसे कव्हर आहे का, हे काँक्रीट पडल्यावर डोळ्यांना दिसत नाही. मापे घेऊन ठेकेदाराचे बिल तपासण्याचे कामही करारात घालता येते. मालक आणि ठेकेदार यांच्यातला करार राबवताना आर्किटेक्टने निःपक्षपाती राहावे, असे 1989 चे व्यावसायिक आचारनियम सांगतात.

काम देण्याआधी आर्किटेक्टची वास्तुकला परिषदेकडची नोंदणी पाहा. फी, भेटींची संख्या आणि प्रत्येक भेटीत काय तपासायचे, हे कागदावर लिहून घ्या. आणि सळई तपासून होईपर्यंत स्लॅबची तारीख ठरवू नका.