अ‍ॅव्होसेट : सुरुंगांपासून विमानांपर्यंत

पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा एक फोटो आहे. मागे नेवाडा ही युद्धनौका पेटली आहे, तरंगत्या गोदीत शॉ ही विनाशिका जळते आहे. आणि या सगळ्याच्या अलीकडे, फोर्ड बेटाच्या धक्क्याला, गडद रंगाचे एक ठेंगणे जहाज बांधलेले दिसते. बघणाऱ्याची नजर थेट आगीकडे जाते. मी मात्र त्या ठेंगण्या जहाजाशीच थबकतो.

त्याचे नाव अ‍ॅव्होसेट, चोच वर वळलेल्या एका पाणपक्ष्याचे. या पक्ष्याचे भाऊबंद हिवाळ्यात आपल्या ठाण्याच्या खाडीतही चिखल चाळताना दिसतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने सुरुंग काढणाऱ्या जहाजांचा मोठा ताफा बांधायला घेतला आणि सगळ्यांना पक्ष्यांची नावे दिली. लांबी जेमतेम 57 मीटर, वजन साडेनऊशे टन. बाल्टिमोरला बांधलेले अ‍ॅव्होसेट सप्टेंबर 1918 मध्ये सेवेत आले. दोन महिन्यांत युद्ध थांबले आणि जहाजाचे काम तिथूनच सुरू झाले.

जर्मन पाणबुड्यांची वाट अडवण्यासाठी स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या मधल्या समुद्रात सत्तर हजारांच्या आसपास सुरुंग पेरले होते. ते 1919 मध्ये काढायचे होते. अमेरिकी सुरुंगाला तांब्याची लांब तार असे. जहाजाचा पोलादी सांगाडा तिला टेकला की खाऱ्या पाण्यातच वीज तयार होऊन स्फोट व्हायचा. आणि काढणारी जहाजे पोलादीच! दोन जहाजांनी मध्ये दोर धरून जोडीने चालायचे, सुरुंगाचे बांधलेले दावे तोडायचे. युद्ध संपले म्हणून घरी आनंद साजरा होत असताना या कामात माणसे मेली, हे वाचून आजही पोटात कालवते.

मग शांततेचा काळ आला. मोकळी डेक आणि दणकट विंच असलेल्या या जहाजांना नौदलाने नवे काम दिले : पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा सांभाळ. 22 जानेवारी 1936 रोजी अ‍ॅव्होसेटवर तसा अधिकृत शिक्काही बसला. ज्या निर्जन खाडीत धावपट्टी नाही, तिथे हे जहाज नांगर टाकून उभे राही आणि विमानांना पेट्रोल, दारूगोळा, वैमानिकांना गरम जेवण आणि झोपायला बिछाना देई. थोडक्यात, तरंगता तळच.

मधेच एक निराळी सफर घडली. 8 जून 1937 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी शास्त्रज्ञांना घेऊन ते पॅसिफिकमधल्या कँटन बेटावर गेले. वेलिंग्टन हे ब्रिटिश जहाजही तिथे पोहोचले आणि नांगराच्या जागेवरून तणातणी झाली. बेटावर हक्क कोणाचा, हा खरा वाद. दोन वर्षांनी दोन्ही देशांनी बेट सामाईक वापरायचे ठरवले.

आणि मग 7 डिसेंबर 1941, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा रविवार. विमानांचे हँगर बॉम्बने उडताना दिसताच अ‍ॅव्होसेटवर धोक्याचा इशारा झाला. कॅलिफोर्निया या युद्धनौकेवर टॉर्पेडो टाकून एक जपानी विमान वळत होते. अ‍ॅव्होसेटच्या उजव्या बाजूच्या तीन-इंची तोफेचा पहिलाच गोळा त्याला लागला. विमान पेटले आणि नौदलाच्या रुग्णालयाच्या आवारात कोसळले. त्या सकाळी या तोफांनी 144 गोळे सोडले. स्वॉन या जोडीदार जहाजाचा एक खलाशी आपल्या जहाजावर परतू शकला नाही, तो इथे हजर झाला. त्याला लगेच मशिनगनवर उभे केले. दोनच जण जखमी झाले : एकाला उडालेला तुकडा लागला, दुसऱ्याच्या पायावर दारूगोळ्याची पेटी पडली.

पण माझ्या मते त्या दिवसाची थोरवी तोफेत नाही. विमाने गेल्यावर अ‍ॅव्होसेट कॅलिफोर्नियाची आग विझवायला निघाले, मग नेवाडाकडे वळले, कितीतरी पट मोठ्या त्या युद्धनौकेला खांदा लावून दोन तास पाणी मारत राहिले. तिथून पुढे रॅले या जबर नुकसान झालेल्या क्रूझरजवळ जाऊन तिला वाफ आणि वीज पुरवली.

पुढची वर्षे अलास्काकडच्या अल्यूशियन बेटांच्या थंड पाण्यात गेली, कॅटालिना विमानांच्या सेवेत. डिसेंबर 1945 मध्ये सिअ‍ॅटलला ते सेवेतून उतरले. वर्षभरात ते विकले गेले.