पडद्यावरचे शिक्षण आणि मुलांचे मनःस्वास्थ्य

माल गोदामात उतरला म्हणजे तो खपला, असे कोणीही सुज्ञ व्यापारी मानीत नाही. मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच गृहीत धरतो. पाठ मुलापर्यंत पोचला म्हणजे तो त्यास समजला, आणि मूल मोबाइलसमोर शांत बसले म्हणजे ते सुखात आहे, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, याचा विचार या निमित्ताने करावयाचा आहे.

हैदराबादचे दिलसुखनगर व्यापारी पेठ म्हणून जितके गजबजलेले, तितकेच शिकवणी वर्गांसाठी आणि वसतिगृहांसाठीही प्रसिद्ध आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतील मुले परीक्षांच्या तयारीसाठी येथे येऊन राहतात. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे टाळेबंदी झाली, तेव्हा शहरातील अनेक खासगी वसतिगृहांनी मुलांना खोल्या सोडावयास सांगितल्या, आणि गावी परतण्याच्या परवान्यासाठी पोलीस ठाण्यांपुढे रांगा लागल्या. वर्गातील बाके गेली, सोबती गेले. हाती राहिला तो मोबाइल.

शिक्षणाचा धागा तुटू नये म्हणून सरकारने प्रयत्न केले, हे नमूद करणे अगत्याचे आहे. तेलंगणात 1 सप्टेंबर 2020 पासून दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून आणि टी-सॅटवरून पाठ सुरू झाले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जुलै 2020 मध्येच ऑनलाइन तासांना मर्यादा सुचविली होती. पहिली ते आठवीपर्यंत दिवसाला दोन आणि नववी ते बारावीपर्यंत चार सत्रांहून अधिक नकोत, व प्रत्येक सत्र 30 ते 45 मिनिटांचे असावे, असे तिचे स्वरूप होते.

परिणाम काय झाला? ग्रामीण भारताची शैक्षणिक पाहणी करणाऱ्या, मुंबईत 1995 मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालांतील आकडे पाहावेत. शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होते; ते 2020 मध्ये 61.8 टक्के झाले. परंतु दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले 2018 मध्ये 27.3 टक्के होती, ती 2022 मध्ये 20.5 टक्क्यांवर आली. साधन घरोघरी वाढले; तथापि बंद शाळेची उणीव त्याने भरून निघाली नाही.

मनाची स्थिती याहून सूक्ष्म. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2022 च्या आरंभी सहावी ते बारावीच्या सुमारे 3 लाख 79 हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण असल्याचे 81 टक्के मुलांनी सांगितले. ऑनलाइन पाठ समजून घेणे 51 टक्क्यांना अवघड गेले. आणि 28 टक्के मुलांना प्रश्न विचारण्याचा संकोच वाटत होता.

हा शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्गात शिक्षक मुलाच्या चेहऱ्यावरून अडचण ओळखतात. शेजारचा मित्र हळूच उत्तर सांगतो. पडद्यासमोर मात्र संकोची मूल आपली शंका मनातच ठेवते. शंकांवर शंका साचतात, त्यांची भीती होते, आणि भीतीचा उच्चार करणे तर त्याहून कठीण. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र ते अभ्यासात गढलेलेच दिसते.

ऑनलाइन शिक्षण त्याज्य आहे, असे म्हणण्याचा हेतू नाही. आडगावच्या मुलास उत्तम शिक्षकाचे व्याख्यान घरबसल्या ऐकता येते, ही सोय लहान नव्हे. परंतु तिला माणसाची जोड हवी. आपल्यापैकी अनेकांची मुले शिक्षणासाठी परगावी राहतात. त्यांना दूरध्वनी करताना “गुण किती मिळाले?” यापूर्वी “आज काय अडले?” असे विचारावे. ज्यांच्याकडे दुकानावर माडी किंवा रिकामी खोली असेल, त्यांनी ती सायंकाळी मुलांना एकत्र अभ्यास करावयास द्यावी. मूल अबोल झाले, झोप वा भूक उडाली, तर त्याची गणना आळसात न करता जाणकाराचा सल्ला घ्यावा. भारत सरकारची 14416 ही ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर 2022 पासून याचसाठी विनामूल्य उपलब्ध आहे.

दुकानाचा हिशेब आपण रोज रात्री न चुकता पाहतो. त्यानंतरची दहा मिनिटे मुलांसाठी राखून ठेवावीत, एवढीच सर्व बंधुभगिनींस विनंती आहे.