सुगीच्या दिवसांत डोळे जपा

रोझरीचा महिना लागला की बेळगाव-खानापूर भागात पाऊस ओसरतो, ऊन तापते आणि सोयाबीन व भाताच्या सुगीला हात लागतो. याच सुमारास पुष्कळांचे डोळे खाजतात, लाल होतात, त्यांतून पाणी गळते, शिंकाही येतात. "डोळे आले" असे आपण म्हणतो. पण बरेचदा ती साथ नसते, ते वावडे म्हणजे ॲलर्जी असते.

साथीत बहुधा चिकट घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात आणि घरात एकामागून एकाला लागण होते. ॲलर्जीत खाज हेच मुख्य लक्षण. ती सहसा दोन्ही डोळ्यांना असते आणि एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

कारणे आपल्या शिवारातच आहेत. फुललेल्या गवतांचे पराग, मळणीची धूळ, ओलसर पेंढ्यावरची बुरशी आणि बांधावरचे काँग्रेस गवत. हे गवत 1955 च्या सुमारास पुण्यात लक्षात आले व पुढे देशभर पसरले. त्याचे पराग व अंगावरची बारीक लव अनेकांना बाधते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी:

1. काँग्रेस गवत फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातमोजे व लांब बाह्यांचे कपडे घालावेत.

2. मळणीला व उपणताना साधा पारदर्शक चष्मा घालावा, नाकातोंडाला रुमाल बांधावा. धूळ अंगावर येणार नाही अशा बाजूस उभे राहावे.

3. घरी आल्यावर प्रथम हातपाय व तोंड धुवावे, कपडे बदलावेत. त्याच कपड्यांनी अंथरुणावर पडू नये.

4. डोळे चोळू नयेत. चोळल्याने खाज वाढते व बुबुळालाही इजा होते. स्वच्छ फडके गार पाण्यात भिजवून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावे.

5. मध, एरंडेल किंवा आईचे दूध डोळ्यांत घालू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका, शेजाऱ्याची उरलेली बाटलीही वापरू नका. काही थेंबांत स्टेरॉईड असते. त्याने खाज लगेच थांबते, म्हणून माणूस ते महिनोन् महिने घालतो. त्यातून काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. भाताचे पाते किंवा तूस डोळ्याला लागले असेल तर धोका अधिक. त्या जखमेत बुरशी धरू शकते, स्टेरॉईडने ती फोफावते, बुबुळावर फूल पडते आणि दृष्टी जाते. डोळा दुखू लागला, उजेड सोसेना, अंधुक दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आला, तर सुगी बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

2 नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनापूर्वी आपण दफनभूमी साफ करतो. तेथेही हे गवत माजलेले असते. ज्यांना दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांना व मुलांना त्या कामाला लावू नये, त्यांनी मेणबत्त्या व फुलांची तयारी करावी. उपटलेले गवत जाळू नये, कारण धुरानेही डोळे चुरचुरतात. ते खोल खड्ड्यात पुरावे. सेवा सर्वांनी करावी, पण डोळे सांभाळून, अशी आमची विनंती आहे.